एका खेळाने आखलेला नकाशा



४ ऑगस्ट २०२३ या एका शुक्रवारी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांनी आपला जुना क्रीडासंघ सोडत असल्याचे जाहीर केले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेन या दुसऱ्या संघाकडे निघाली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हकडे. लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन मोठी विद्यापीठे आदल्या वर्षीच्या ३० जूनला बाहेर पडली होती, कोलोराडोने आठवडाभर आधी निरोप घेतला होता. पॅक-१२ नावाचा हा संघ आपली परंपरा १९१५ पासून, पोर्टलंडच्या एका हॉटेलात भरलेल्या बैठकीपासून सांगत असे. पाचशेहून अधिक राष्ट्रीय अजिंक्यपदे त्याच्या सदस्यांच्या नावावर होती. त्या रात्री त्यात चार विद्यापीठे उरली. पुढच्या महिन्यात स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये म्हणजे एसीसीत गेले, आणि पॅसिफिकच्या काठावरच्या दोन संस्था अटलांटिकच्या संघात नांदू लागल्या. मागे राहिली ती ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या घडामोडींवर बोलताना अमेरिकी वृत्तपत्रांनी हाव हा शब्द भरपूर वापरला. हाव होती, यात वाद नाही. पण हाव सगळीकडे आणि सदैव असते. तिने एका ठरावीक काळात, एका ठरावीक दिशेने हा नकाशा का फाडला, हे त्या शब्दाने कळत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो आहे.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. आधी विभागवार सामने होतात, मग अखिल भारतीय. रोहिंटन बारिया करंडकाने भारतीय क्रिकेटला कितीतरी खेळाडू दिले, पण त्याच्या तिकिटांवर कोणत्या विद्यापीठाचे अंदाजपत्रक कधी उभे राहिले नाही. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथली कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा किंवा आता सोळा-अठरा विद्यापीठांचा कायमचा संघ. वीस-बावीस खेळांचे वर्षभराचे वेळापत्रक तो लावतो, नियम पाळायला लावतो, आणि प्रक्षेपणाचे हक्क एकगठ्ठा विकून पैसे सदस्यांत वाटतो. या पैशाचा मोठा भाग एकाच खेळातून येतो: हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकी फुटबॉल. त्याच्या मागोमाग, बऱ्याच अंतराने, पुरुषांचे बास्केटबॉल. उरलेले खेळ, म्हणजे जलतरण, टेनिस, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, ॲथलेटिक्स, बहुतेक ठिकाणी या पैशावर चालतात. आपल्या लोकांचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो या उरलेल्या खेळांतून. हांगझोच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवणारी महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळली; पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा विद्यार्थी म्हणून २०१८ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. फुटबॉलच्या सौद्यात या खेळांना मत नसते. त्या सौद्याने ठरवलेल्या गावी जाऊन खेळणे मात्र त्यांच्या नशिबी असते.

माझे म्हणणे असे आहे. कॉन्फरन्सकडे दोन कामे आहेत. एक, शेजारच्या विद्यापीठांत नियमित सामने भरवणे. दुसरे, प्रक्षेपणाचे हक्क विकणे. पहिल्या कामाला जवळीक लागते. दुसऱ्याला पसारा लागतो, कारण जितके प्रदेश, जितकी शहरे, जितके दूरचित्रवाणी संच आपल्या कक्षेत, तितका सौद्याचा आकडा फुगतो. ही दोन कामे एकाच संस्थेच्या गळ्यात राहिली तर कधीतरी एक दुसऱ्याला गिळणार. कॉन्फरन्सची फेरमांडणी म्हणून जे काही गेली तीस-पस्तीस वर्षे चालले आहे, ते या गिळण्याचेच टप्पे आहेत. विद्यापीठांच्या अध्यक्षांना उपदेश करून ते थांबणार नाही. ही दोन कामे वेगळी केली तर थांबू शकेल.

पहिले काम किती मनापासून झाले होते ते आधी पाहू. १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने शिकागोत सात विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि पुढच्या वर्षी ज्या संघाला आज बिग टेन म्हणतात तो आकाराला आला. त्यांना खेळ वाढवायचा नव्हता, त्याला वेसण घालायची होती. भाडोत्री खेळाडू मैदानात उतरू नयेत, खेळणारा खरोखरीचा विद्यार्थी असावा आणि अभ्यासात मागे पडलेला नसावा, असे नियम त्यांनी केले, आणि कारभार प्राध्यापकांच्या प्रतिनिधींकडे सोपवला. म्हणजे तो काळ सोवळा होता असे मी म्हणत नाही. अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, १८५२ ची हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत, एका रेल्वे कंपनीने प्रवासी मिळावेत म्हणून पुरस्कृत केली होती. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने महाविद्यालयीन खेळांतल्या धंदेवाईकपणावर सडकून टीका केली. बिग टेनच्या संस्थापकांपैकी शिकागो विद्यापीठाने तर १९३९ मध्ये, रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष असताना, फुटबॉलच बंद केला आणि काही वर्षांनी संघही सोडला. त्या विद्यापीठाची पत त्यामुळे तिळभरही कमी झाली नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.

पैशाचा मोह होता, तरी नकाशा मात्र शेजाराचा राहिला. पॅक-१२ ची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. बारा विद्यापीठे, सहा जोड्या. ऑरेगन राज्यात दोन, वॉशिंग्टन राज्यात दोन, सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवती स्टॅनफर्ड आणि बर्कली, लॉस एंजेलिसमध्ये दोन, ॲरिझोनात दोन, आणि रॉकी पर्वताकडे यूटा व कोलोराडो. बास्केटबॉलचा चमू गुरुवारी एका विद्यापीठाशी खेळे, शनिवारी त्याच्या जोडीदाराशी, आणि रविवारी घरी परते. एका विमानप्रवासात दोन सामने, आठवड्यातले दोन-तीन तास बुडाले तर बुडाले. ही व्यवस्था कोणा तत्त्ववेत्त्याने काढलेली नव्हती, वेळापत्रक लावणाऱ्या व्यवहारी माणसांची होती. पण विद्यार्थी सोमवारी वर्गात हजर असला पाहिजे हे गृहीतक तिच्या पोटात होते. जोड्यांतली जुनी वैरे हेही तिचे भांडवल. ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट १८९४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत आले आहेत, वॉशिंग्टनची जोडी १९०० पासून.

ही घडी विस्कटण्याची सुरुवात एका न्यायालयीन निकालात आहे. एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने १९५० च्या दशकापासून फुटबॉलच्या प्रक्षेपणावर कडक नियंत्रण ठेवले होते. कोणता सामना दाखवायचा, एका विद्यापीठाने किती वेळा पडद्यावर यायचे, हे तीच ठरवी. घरबसल्या सामना दिसला तर मैदान ओस पडेल, ही तिची भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या बहुमताच्या निकालाचा युक्तिवाद सरळ आहे: ही योजना पुरवठा आवळते आणि किंमत चढवते. कायद्याच्या कसोटीवर तो चुकीचा म्हणता येणार नाही. विरोधी मत लिहिले बायरन व्हाइट यांनी. हे गृहस्थ तरुणपणी कोलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते आणि व्यावसायिक फुटबॉलही खेळले होते. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ धंदा समजून मोजणे हीच चूक आहे, असा त्यांचा आक्षेप होता. चाळीस वर्षांनंतर वाचताना व्हाइट भविष्यवेत्ते वाटतात. पण त्यांना वाचवायची असलेली योजनाही काही निरागस नव्हती, एवढे भान ठेवावे.

निकालाचा पहिला परिणाम उलटाच झाला. एकदम सगळे सामने बाजारात आल्यावर भाव पडले. मग एकेकाने न विकता गट करून विकणे ओघानेच आले. मोठ्या विद्यापीठांच्या एका संघटनेने काही वर्षे हे केले. १९९० मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने स्वतःपुरता एनबीसीशी करार केला आणि तो गट खिळखिळा झाला. उरलेला तयार गट कोणता? कॉन्फरन्स. एका प्राध्यापकी शिस्तमंडळाच्या हाती विक्रीची वही आली ती अशी. पुढची प्रत्येक घटना या वहीत बसते. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने म्हणजे एसईसीने १९९२ मध्ये बारा सदस्य करून संघाची स्वतःची अंतिम लढत सुरू केली, कारण एक जादा सामना विकता येतो. टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स बहुतांशी एकाच राज्यापुरती होती, म्हणून १९९६ मध्ये ती संपली. २००७ मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी काढल्यावर हिशेब आणखी नेमका झाला. ज्या राज्यात सदस्य विद्यापीठ आहे तिथल्या केबल ग्राहकाकडून वाहिनीचे जास्त शुल्क मिळते. मग २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांना आत घेतले, कारण एक वॉशिंग्टन शहराच्या दाराशी आहे आणि दुसरे न्यूयॉर्कच्या. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनीही, सामना पाहो वा न पाहो, त्या सौद्यात आपला वाटा भरला. केबलचे दिवस सरले तरी तर्क तोच राहिला. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी केलेला सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरहून मोठा होता. तो जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी लॉस एंजेलिस शहर त्याच्या पदरात पडले होते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. हक्क विकायचे तर कोणीतरी विकणारच, आणि बाजारात मोठा विक्रेता लहानाला हरवणारच; यात अस्वाभाविक काय? उत्तर अमेरिकेतच आहे, आणि तेही निखळ धंदेवाईक खेळात. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपण कायदा करून व्यावसायिक फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि हॉकी यांच्या लीगना हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली. राष्ट्रीय फुटबॉल लीग तेव्हापासून राष्ट्रीय प्रक्षेपणाचा पैसा सर्व संघांत समान वाटते. म्हणून जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे या गावाचा संघ न्यूयॉर्कच्या संघाशी बरोबरीने उभा आहे. त्याला न्यूयॉर्कला जाऊन राहावे लागले नाही. त्याच कायद्याने शरद ऋतूतल्या शुक्रवारच्या संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक सामन्यांना ही सूट नाकारली, शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांना धक्का लागू नये म्हणून. शनिवार राखून ठेवला, पण एकत्र विकण्याचा हक्क महाविद्यालयांना दिला नाही. परिणाम असा की लक्षाधीशांच्या मालकीच्या लीगमध्ये लहान गाव सुरक्षित आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठांच्या दुनियेत वॉशिंग्टन स्टेटचे पुलमन गाव उघड्यावर. हा कायदा महाविद्यालयीन फुटबॉललाही लागू करावा ही मागणी आता अमेरिकेत होत आहे, आणि मला ती रास्त वाटते. विक्रीचे काम एका राष्ट्रीय गटाकडे गेले तर कॉन्फरन्सने दूरचे शहर गिळून काही जादा मिळणार नाही.

आता परिणामांकडे येऊ. फुटबॉलचा चमू वर्षाला साखळीत बारा सामने खेळतो, आठवड्याला एक, बहुधा शनिवारी. परगावचे सामने पाच-सहा. प्रवास खास भाड्याच्या विमानाने. म्हणजे ज्या खेळासाठी नकाशा ताणला, त्यालाच त्या ताणाची झळ सर्वांत कमी लागते. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे चमू हंगामात पन्नासच्या आसपास सामने खेळतात, व्हॉलीबॉलचे आठवड्याला दोन. लॉस एंजेलिसहून रटगर्स सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, स्टॅनफर्डहून बॉस्टन चार हजारांच्या वर. मुंबई ते गुवाहाटी हवाई अंतर साधारण दोन हजार भरते, त्याच्या दुप्पट धरा, आणि वर घड्याळातले तीन तास. संध्याकाळचा सामना पूर्वेला संपवून पश्चिमेला परतणारी व्हॉलीबॉलची खेळाडू दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगशाळेत कोणत्या अवस्थेत पोचेल, हे सांगायला अभ्यासगट नेमायची गरज नाही. यूसीएलएच्या स्थलांतराला मान्यता देताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रवास, आहार आणि शैक्षणिक मदत यांवर जादा खर्चाची अट घातली, म्हणजे नुकसान त्यांनाही दिसत होते. शिवाय यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सार्वजनिक विद्यापीठाची दोन आवारे. एकाच्या जाण्याने दुसऱ्याची मिळकत बुडाली म्हणून यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असे मंडळाने २०२४ मध्ये ठरवले. एका घरातल्या दोन भावांनी वेगळ्या पेढ्या काढाव्यात आणि आईने एकाच्या गल्ल्यातून दुसऱ्याला पोटगी लावून द्यावी, असा हा प्रकार.

या चित्रात अतिशयोक्ती आहे, असे यूसीएलएची बाजू मांडणारे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जलतरण, गोल्फ, ॲथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स या खेळांत कॉन्फरन्सनुसार घरचे-परगावचे सामने फारसे नसतात. अनेक विद्यापीठे एका ठिकाणी जमतात, तिथे जायचे तर पूर्वीही दूर जावे लागे. प्रवासाचा खरा बोजा पाच-सहा सांघिक खेळांवर आहे. मोठ्या संघांनी महिलांच्या खेळांना पडदाही मिळवून दिला, हेही खरे: ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्कात महिलांच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक होते. आणि यूसीएलएचा क्रीडाविभाग काही वर्षांत दहा कोटी डॉलरच्या घरातली तूट साठवून बसला होता; बिग टेनचा वाटा पॅक-१२ च्या जवळपास दुप्पट; तो न घेता चार खेळ बंद करावे लागले असते तर ते खेळाडूंच्या हिताचे झाले असते का, हा प्रश्न उडवून लावता येत नाही. मात्र तो प्रश्न नीट ऐकला तर त्यातच उत्तर आहे. फुटबॉलचे पैसे मिळावेत म्हणून सॉफ्टबॉलच्या मुलींनी न्यू जर्सीला जायलाच हवे, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही. नोत्र दामचा फुटबॉल स्वतंत्र आहे, बहुतेक खेळ एसीसीत आहेत आणि आइस हॉकी बिग टेनमध्ये. एरवी तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या जॉन्स हॉपकिन्सचा लॅक्रॉसचा चमू बिग टेनमध्ये खेळतो. खुद्द यूसीएलए आणि यूएससीचे पुरुषांचे व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो आजही पश्चिमेतल्या माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशनमध्ये आहेत, कारण बिग टेनमध्ये ते खेळ नाहीत. वेगळे करणे शक्य आहे, कारण ते रोज होत आहे. महाविद्यालयीन खेळांच्या सुधारणेसाठी काम करणाऱ्या नाइट कमिशनने तर २०२० मध्येच वरच्या श्रेणीचा फुटबॉल एनसीएएपासून वेगळा काढा, अशी शिफारस केली.

वेगळे केले तर फुटबॉल इतर खेळांचा खर्च उचलणे थांबवेल, ही भीती दाखवली जाते. पण आजच्या बांधणीत तो खर्च उचलला जाण्याची हमी आहे, असे नोंदी सांगत नाहीत. मेरीलँडने २०१२ मध्ये तुटीपायी सात खेळ बंद केले आणि त्याच वर्षी बिग टेनमध्ये जाण्याचे ठरवले. रटगर्सच्या क्रीडाविभागाची तूट बिग टेनमध्ये जाऊनही वर्षानुवर्षे चालू राहिली. वाढीव पैसा आला की प्रशिक्षकांचे पगार, सरावाच्या इमारती आणि आता खेळाडूंचा मोबदला या वाटांनी तो आधी फुटबॉलकडेच परततो. कारण शेजाऱ्याने तेवढाच खर्च केलेला असतो आणि मागे पडून चालत नाही. आत जाण्यासाठी काय मोजावे लागते तेही पाहावे. डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षे प्रक्षेपणाचा पैसा न घेण्याचे मान्य केले. स्टॅनफर्ड आणि बर्कली पहिली काही वर्षे सुमारे तीस टक्के वाट्यावर आहेत. विमानाचा खर्च मात्र पूर्ण वाट्याचा.

सर्वांत जोरकस आक्षेप खेळाडूंच्या बाजूने येतो. इतकी वर्षे ज्यांच्या घामावर हे साम्राज्य उभे राहिले त्यांना छदाम मिळत नव्हता. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या निर्बंधांना धक्का दिला, त्याच वर्षी स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मोकळीक आली, विद्यापीठ बदलणे सोपे झाले, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना पहिल्या वर्षी प्रत्येकी २ कोटी डॉलरच्या थोडे वरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाली. मोठ्या करारांशिवाय हे घडले असते का? मला वाटते, घडले असते. खेळाडूंचा हक्क न्यायालयांतून आला, कॉन्फरन्सच्या दयेने नव्हे. शिवाय कोणाला किती मिळते ते पाहा. हाउस तडजोडीतली मागील थकबाकी २८० कोटी डॉलरच्या आसपास आहे आणि तिच्या वाटपाच्या सूत्रात सुमारे तीन चतुर्थांश भाग फुटबॉलचा. वॉशिंग्टन स्टेट बुडू लागल्यावर तिथला क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या व्यावसायिक निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. त्याने योग्यच केले. पण भालाफेक करणाऱ्या मुलाला असे दार नसते. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याच विद्यापीठाने ॲथलेटिक्समधले फेकीचे आणि उड्यांचे प्रकार बंद करून लांब अंतराच्या धावण्यावर भर देणारा कार्यक्रम ठेवला. हे ते पुलमन, जिथला विद्यार्थी असताना केनियाच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले होते. धावणारे वाचले, उडी मारणारे गेले. परदेशातून आलेल्या खेळाडूंचे तर आणखी अवघड: विद्यार्थी व्हिसाच्या अटींमुळे नव्या कमाईचा लाभ त्यांना सहज घेता येत नाही. त्यांना मिळणारी गोष्ट शिष्यवृत्तीच, आणि ती ज्या खेळांत मिळते ते खेळ यादीच्या शेपटाशी.

परंपरेच्या गहिवराला मी मुद्दाम कमी जागा दिली आहे. तो युक्तिवाद दोन्हीकडे चालतो. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची शतकाहून जुनी फुटबॉल लढत ओक्लाहोमाच्या स्थलांतराने नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली. पण टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ मध्ये तुटलेली लढत याच स्थलांतरांमुळे २०२४ मध्ये परत जुळली. वैरे मरतात, नवी होतात. यूसीएलएचा महान बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन याने आपल्या विद्यापीठाच्या जाण्याला उघड विरोध केला, तो मनाला भिडतो. तरी विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींवर चालावे असे नाही. माझा मुद्दा आठवणींचा नाही, रचनेचा आहे, आणि रचना चुकीची असल्याची खूण ही की ती जिंकणाऱ्यांनाही स्वस्थ बसू देत नाही. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन या एसीसीच्या बलाढ्य सदस्यांनी आपला वाटा कमी पडतो म्हणून स्वतःच्याच संघाला न्यायालयात खेचले. २०२५ मध्ये समझोता झाला तो असा, की ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला जास्त. शेजार गेला, पसारा आला, आणि आता पसाऱ्याच्या आतही एकेका सदस्याची किंमत प्रेक्षकसंख्येवर लागते.

राहिलेल्या दोघांचे पुढे काय झाले, यातून ही रचना कशी वागायला लावते ते दिसते. वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅक-१२ ची सूत्रे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्या हाती दिली. किमान सदस्यसंख्येच्या अटीतून एनसीएएने दोन वर्षांची सवलत दिली. दोन सदस्यांचा संघ चालू राहिला. फुटबॉल सोडून बहुतेक खेळ त्यांनी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुणे म्हणून खेळले, म्हणजे मी ज्या विभाजनाबद्दल बोलतो आहे ते गरजेपोटी करून दाखवले. ऑरेगन स्टेटच्या बेसबॉल चमूला तेही छत्र नव्हते. संघाविना, मिळेल तिथे सामने ठरवत, तो २०२५ मध्ये ओमाहाच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत पोचला. फुटबॉलमध्ये मात्र सामने मिळेनात, तेव्हा २०२५ च्या हंगामात हे दोघे एकमेकांशीच दोनदा खेळले. दरम्यान दोघांनी संघ नव्याने बांधायला घेतला, आणि ज्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्सने त्यांना अडचणीत सामने दिले होते त्याचेच पाच सदस्य फोडले: बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट. सदस्य फोडल्याबद्दलच्या दंडावरून माउंटन वेस्टशी न्यायालयात भांडणही झाले. बास्केटबॉलसाठी फुटबॉल न खेळणारे गोंझागा आले. तरी हिशेब पुरा होईना. वरच्या श्रेणीचा फुटबॉल खेळणाऱ्या संघाला फुटबॉलचे किमान आठ सदस्य लागतात, आणि इथे सातच झाले होते. आठवे म्हणून टेक्सास स्टेटला घेतले. पुलमनहून ते अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि २०२६-२७ च्या वर्षापासून पुलमनच्या व्हॉलीबॉल चमूच्या वेळापत्रकात ते आहे.